तलवारीला जिल्हई

जपानी तलवार म्हटलं की आपल्याला आधी सिनेमा आठवतो. 'किल बिल'मधली पिवळ्या ट्रॅकसूटमधली उमा थर्मन, हवेत तरंगत येणारा रेशमी रुमाल आणि पात्यावर पडून त्याचे झालेले दोन तुकडे वगैरे वगैरे. मीही त्याच रस्त्याने इथवर आलो, खोटं कशाला बोलू! त्यामुळे तोक्योत उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात पहिल्यांदा खरी जुनी तलवार बघितली तेव्हा जरा हिरमोडच झाला. मूठ नाही, म्यान नाही, हिरे-माणकं तर नाहीतच. काचेमागे पांढऱ्या कापडावर नुसतं पातं ठेवलेलं. आणि समोर विशी-बाविशीतल्या मुलींची ही भलीमोठी रांग! (२०१५ साली 'तोकेन रान्बु' नावाचा एक ऑनलाइन गेम आला. त्यात जपानमधल्या प्रसिद्ध तलवारी देखण्या तरुणांच्या रूपात येतात. तेव्हापासून संग्रहालयांचं नशीब फळफळलंय.) त्या मुली गुडघ्यात वाकून, मान तिरकी करून पात्यावर काहीतरी शोधत होत्या. म्हटलं आपणही वाकून बघू. दिव्याचा उजेड एका ठरावीक कोनात आला आणि पोलादाच्या आत पांढरं धुकं असावं तसं काहीतरी दिसलं.

झालं! तेव्हा लागलेला नाद अजून सुटलेला नाही.

आपल्याकडे जुनी तलवार दिसली की पहिला प्रश्न येतो, 'कोणाची?' कोणत्या सरदाराची, कोणत्या लढाईतली. ती कोणत्या लोहाराने घडवली हे आपण सहसा विचारत नाही. जपानमधे नेमकं उलटं. तिथे पहिला प्रश्न, 'कोणी केली?' कोणत्या प्रांतात, कोणत्या घराण्यात, साधारण कोणत्या काळात. आणि याचं उत्तर शोधायचं ते पोलाद वाचून. हो, वाचून. त्यासाठी ते वाचता येईल असं असावं लागतं आणि तिथे पॉलिशचा संबंध येतो.

'पॉलिश' हा शब्द मला खरं तर पटत नाही. पॉलिश म्हणजे बुटाला करतात ते. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे, जिल्हई. आणि ती करणारे शिकलगार. शस्त्रांना धार लावणं, गंज काढून ती लखलखीत करणं हा त्यांचा धंदा. धंदा मागे पडला, आडनाव राहिलं. जपानमधल्या शिकलगाराला म्हणतात तोगिशी. तो धंदा मात्र अजून चालू आहे आणि त्यातल्या काही जणांना सरकारने चक्क 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून मान दिलाय. होनआमी निश्शू यांना तो १९७५ साली मिळाला. हे होनआमी घराणं म्हणजे शतकानुशतकं शोगुनांच्या तलवारी घासणं, पुसणं आणि पारखणं एवढंच करत आलेलं. याच घराण्यातला होनआमी कोएत्सु (१५५८-१६३७) सुलेखन, लाखकाम आणि चहाचे वाडगे यांसाठी जास्त प्रसिद्ध झाला, पण घरचा धंदा तलवारींचाच. कागदाच्या पक्ष्यांमुळे आपल्याला माहीत झालेला 'ओरिगामी' हा शब्दही या घराण्याशी जोडलेला आहे. तलवार अस्सल आहे असा दाखला ते घडी घातलेल्या कागदावर द्यायचे, त्याला ओरिगामीच म्हणायचे.

आता थोडं तांत्रिक. (इंजिनिअर लोकांनी लक्ष द्या, बाकीच्यांनी एक परिच्छेद सोडला तरी चालेल.) तलवार तापवून पाण्यात विझवायच्या आधी पात्यावर मातीचा लेप देतात. पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. पाण्यात घातल्यावर धार झटकन गार होते आणि तिथे मार्टेन्साइट हे अतिशय कडक रूप तयार होतं. पाठीकडचा भाग सावकाश गार होतो, तो मऊ पण चिवट राहतो. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते, म्हणून पातं पाठीकडे वाकतं आणि तो सुंदर बाक वाढतो. कडक आणि मऊ यांच्या सीमेवर जी रेघ तयार होते ती हामोन. सीमेवरचे कण सुटे सुटे चमकताना दिसले तर त्यांना 'निए' म्हणतात. नुसतं धुकं दिसलं तर 'निओइ'. मी संग्रहालयात बघितलं ते हे धुकं.

पण हे सगळं नुसत्या डोळ्यांना आपोआप दिसत नाही. तोगिशी ते दगडाने दाखवतो. आम्ल वापरायचं नाही, यंत्र वापरायचं नाही. आधी खरखरीत दगड, मग बिनसुइ, काइसेइ, नागुरा असे एकाहून एक बारीक आणि शेवटी उचिगुमोरी नावाचा मऊ दगड. हा क्योटोजवळच्या डोंगरातून निघतो आणि चांगला तुकडा मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. हे झाल्यावर त्याच उचिगुमोरीचा पातळ पापुद्रा काढून त्याला मागून कागद चिकटवतात आणि तो अंगठ्याखाली धरून इंच-इंच पातं घासतात. मग लोखंडाच्या ऑक्साइडची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून चोळतात, त्याने वरचं पोलाद गडद होतं. पाठीचा भाग पोलादी सुईने घोटून आरशासारखा करतात. शेवटी टोक, त्याची तऱ्हा पुन्हा वेगळी. कडक आणि मऊ भाग दगडाखाली वेगवेगळे झिजतात, उजेड वेगवेगळा परततात, आणि म्हणून लोहाराने पाचशे वर्षांपूर्वी भट्टीत काय केलं ते आज दिसतं.

आता यातली मेख. घासणं म्हणजे झिजवणं. प्रत्येक जिल्हईत थोडं पोलाद जातं आणि ते परत येत नाही. जपानी तलवारीत बाहेरचं कडक पोलाद आणि आतला मऊ गाभा असे दोन थर बरेचदा असतात. फार घासलं की गाभा उघडा पडतो. अशा तलवारीला 'थकलेली' म्हणतात, शब्दशः. म्हणजे वस्तू दिसावी म्हणून जे करायचं त्यानेच ती थोडी संपते. हे माहीत असताना तुम्ही एखादं जुनं पातं घासायला देता तेव्हा नक्की काय करत असता, हा प्रश्न गेलं वर्षभर माझ्या डोक्यात होता. कारण ते पातं माझं होतं.

माझं म्हणजे, एक वाकिझाशी. म्हणजे कंबरेला लावायची दुय्यम, आखूड तलवार. लांबी १ शाकु ७ सून ५ बु, आपल्या हिशोबात ५३ सेंटिमीटर. खाली मुठीत जाणाऱ्या भागावर, ज्याला नाकागो म्हणतात, सहा अक्षरं कोरलेली: बिशू ओसाफुने सुकेसादा. बिशू म्हणजे बिझेन प्रांत, आजचा ओकायामा. ओसाफुने हे तिथलं लोहारांचं गाव. नाव वाचून फार हुरळून जायचं कारण नाही. सुकेसादा हे नाव लावणारे लोहार ढिगाने होऊन गेले. १४६७ साली ओनिनचं युद्ध सुरू झालं आणि पुढे शंभरेक वर्षं जपानभर लढाया चालू राहिल्या. तलवारींची मागणी इतकी की ओसाफुनेत त्या कारखान्यासारख्या बनायच्या. खास गिऱ्हाइकासाठी केलेल्या तलवारीवर लोहार आपलं पूर्ण नाव, गाव, प्रांत सविस्तर कोरायचा. घाऊक मालावर ही सहा अक्षरं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिइ नदीच्या पुराने त्या गावाची वाताहत केली आणि तो जोर पुन्हा आला नाही.

थोडक्यात, माझी तलवार म्हणजे सोळाव्या शतकातला घाऊक माल. सामान्य पायदळातल्या कुणाच्या तरी कंबरेला असलेली. मी ती घेतली १ लाख ८० हजार येनला. सोबत एक छोटासा कागद मिळाला, नोंदणीचा. १९५८च्या कायद्यानुसार जपानमधे प्रत्येक जुन्या तलवारीला तो लागतो, आणि नोंदणी माणसाच्या नावाने होत नाही, तलवारीच्या नावाने होते. देतं कोण? त्या प्रांताचं शिक्षण मंडळ! मालक बदलला की २० दिवसांत त्यांना कळवायचं. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पण घरात शस्त्र कशाला? आणि बोर्डाचा काय संबंध, तलवार दहावीला बसलीय का?" :)

तर, पात्यावर जुनं तेल घट्ट होऊन पिवळं पडलेलं. त्याखाली लाल गंजाचे ठिपके. हामोन जेमतेम तीन ठिकाणी दिसायचा. आणि मधोमध धारेवर एक बारीक काळी आडवी रेघ. ही रेघ वाईट. धारेला काटकोनात तडा असेल तर त्याला 'हागिरे' म्हणतात आणि तशी तलवार संग्राहकांच्या लेखी मेलेली. गंज आणि तडा बाहेरून सारखेच दिसतात.

साइतामाला एक तोगिशी आहेत, साठीच्या पुढचे. आमच्या तलवार-मंडळातल्या एका आजोबांनी ओळख करून दिली. (या धंद्यात ओळखीशिवाय दार उघडत नाही.) मी पातं समोर ठेवलं. सेन्सेइंनी आधी वाकून नमस्कार केला. मला नव्हे, तलवारीला. दसऱ्याला आपण शस्त्रं पूजतो तेव्हाचा नमस्कार आठवला, फक्त इथे तो रोजचा. मग दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. उघड्या पात्यावर बोलायचं नसतं, थुंकीचा कण उडला तरी गंज चढतो.

नंतर त्यांनी सरळ हिशोब मांडला. जिल्हईचा दर सूनावर असतो, एक सून म्हणजे साधारण ३ सेंटिमीटर. सूनाला १२ हजार येन, म्हणजे साडेसतरा सूनांचे २ लाख १० हजार. घासल्यावर जुन्या म्यानात परत घालता येत नाही, आतल्या कचऱ्याने ओरखडे पडतात. म्हणून साधं लाकडी नवं म्यान, शिरासाया, त्याचे ६५ हजार. एकूण पावणेतीन लाख. म्हणाले, "एवढा खर्च करून ही तलवार विकायला काढलीत तर निम्मेही परत येणार नाहीत. मी सांगितलं नाही असं नको." आणि पुढे, "हिच्या अंगावर अजून मांस आहे, पण फार नाही. ही एक जिल्हई सोसेल. त्यानंतर कदाचित अजून एक."

हे ऐकल्यावर मी तलवार घेऊन परत निशी-कासाइला आलो आणि तीन आठवडे काही ठरवलं नाही.

पैशाचा प्रश्न मोठा होताच, पण तो सोपा होता. एक गावाकडची ट्रिप आणि एक नवा लॅपटॉप पुढे ढकलला की सुटणारा. अवघड प्रश्न दुसरा होता. हिच्याकडे दोनच जिल्हया उरल्या असतील तर त्यातली एक खर्च करायचा मला काय अधिकार? दुर्मिळ तलवार असती तर उत्तर सोपं होतं. जगाने बघावी म्हणून घासली, असं म्हणता आलं असतं. घाऊक मालाकडे बघणार कोण? मी. फार तर अजून पाच-दहा जण. मंडळातल्या आजोबांचं मत स्पष्ट होतं, "तेल लाव, ठेवून दे. पुढचा बघेल." यात शहाणपण आहे. बहुतेक अनुभवी संग्राहक हेच सांगतील.

पण लाल गंज थांबत नसतो. नाकागोवरचा काळा गंज वेगळा. तो स्थिर असतो, वयाचा पुरावा असतो, तो कधीच साफ करायचा नसतो. नाकागो घासून चकचकीत केलेली तलवार म्हणजे दाखला जाळलेला माणूस. पात्यावरचा लाल गंज मात्र आत आत खात जातो. तोक्योतला जून-जुलै म्हणजे आपल्या मुंबईसारखाच, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तेव्हा 'काहीच न करणं' म्हणजे जपणं नव्हतं, दगडाऐवजी गंजाला खाऊ देणं होतं. आणि दुसरं असं की, ज्या लोहाराने हे केलं त्याने दिवसाला किती पाती उरकली कोण जाणे, पण या पात्यावर माती त्याने हातानेच लावली असणार. तो हात बघायची इच्छा मला होती. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नव्हतं, आणि ते पुरेसं वाटलं.

तरी एक अट घातली. आधी खिडकी. म्हणजे संशयाच्या जागी दोन-तीन सेंटिमीटरच घासून बघायचं. तडा निघाला तर तिथेच थांबायचं, तेल लावून परत. सेन्सेइ म्हणाले, "मीही तेच करणार होतो."

तो दिवस मी ऑफिसात काय काम केलं ते विचारू नका. संध्याकाळी निरोप आला: गंजच आहे, तडा नाही.

पुढे नऊ महिने वाट. मधे एकदा बघायला बोलावलं. कमी उंचीच्या स्टुलावर बसून, उजव्या पायाने एक वाकडं लाकूड दाबून धरलेलं, त्या लाकडाने दगड घट्ट बसवलेला. दोन्ही हातांत कापड गुंडाळलेलं पातं. पुढे मागे, पुढे मागे, मधेच पाण्याचा हबका. पाण्यात थोडा सोडा घालतात, म्हणजे गंज धरत नाही. एक गोष्ट मला फार आवडली: दगड बदलला की घासायची दिशाही बदलतात. म्हणजे आधीच्या दगडाचे ओरखडे राहिले असतील तर आडवे उठून दिसतात, पुढच्या पायरीवर लपून जात नाहीत. आमच्या टेस्टिंग टीमला नेऊन दाखवावं असं वाटलं.

शेवटच्या टप्प्यावर त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. हादोरी की साशिकोमी? हादोरी म्हणजे हामोनचा भाग उचिगुमोरीच्या पापुद्र्याने पांढरा उठवणं. ही पद्धत मेइजी काळातली, दुरून फार छान दिसते, बहुतेक तलवारींना आज हीच करतात. साशिकोमी जुनी, त्यात पांढरं काही चढवत नाहीत, हामोन जसा आहे तसा. कुणी हादोरीला मेकअप म्हणतं, कुणी साशिकोमीला अर्धवट काम. मी साशिकोमी म्हटलं. लोहाराचा हात बघायचा तर मधे तिसरं कोणी नको.

हातात आली तेव्हा घरी दिवे बंद करून एकच बल्ब लावला आणि पातं त्याच्याकडे रोखलं. (तलवार अशीच बघतात. ट्यूबलाइटखाली काहीही दिसत नाही.) धारेच्या कडेने ओळीने उंचवटे, आणि त्यांची टोकं दुभंगलेली, खेकड्याच्या नांगीसारखी. जपानी नावही तेच, 'कानि नो त्सुमे'. उत्तर काळातल्या ओसाफुनेची ही ठळक खूण. पुस्तकात शंभर वेळा पाहिलेली, पण आपल्या बल्बखाली ती निघाली की पोटात गोळा येतो. पाठीकडच्या भागात लाकडासारखे बारीक रेषांचे गोल, घड्या घालून ठोकलेल्या पोलादाचे. एका जागी, तळहाताच्या रुंदीएवढा पट्टा मात्र सपाट, निर्जीव. तिथे गाभा वर आलाय. थकलीय ती तिथे.

आणि पाठीजवळ तांदळाच्या कणीएवढा एक खड्डा तसाच! विचारलं तर सेन्सेइ म्हणाले, "तो काढायचा तर सगळं पातं तेवढं खाली न्यावं लागलं असतं. पुढच्याला काय ठेवायचं?" पैसे मी दिलेले, तलवार माझ्या ताब्यात, पण त्यांनी काम केलं ते माझ्याइतकंच माझ्यानंतरच्या माणसासाठी. त्या खड्ड्याकडे बघायला मला आता आवडतं.

तेव्हापासून बरेच शनिवार ओशिगाता काढण्यात जातात. नाकागोवर पातळ कागद ठेवून शाईच्या वडीने घासायचं, अक्षरं उमटतात. पात्याची कड आखून घ्यायची आणि मग हामोन बघून बघून हाताने काढायचा. फोटो का नाही? फोटो काढला की आपण बघणं थांबवतो. काढायला बसलं की कळतं, मुठीजवळ हा माणूस निवांत होता, नांग्या नीट सुट्या सुट्या आहेत. टोकाकडे जाताना घाई झालीय, दोन नांग्या एकमेकींत शिरल्यात. कदाचित संध्याकाळ झाली असेल. कदाचित पुढची दहा पाती रांगेत असतील. डेडलाइन काही आजची नाही.

हे असं वाचायची परीक्षाही असते, तिला कानतेइ म्हणतात. पाच तलवारी मांडतात, नाकागो झाकलेला. तुम्ही एकेक बघून चिठ्ठीवर लोहाराचं नाव लिहायचं. बरोबर असेल तर 'आतारी'. नाव चुकलं पण घराणं तेच, जवळजवळ तितकंच चांगलं, तर 'दोझेन'. नाहीतर सरळ 'इया', म्हणजे नाही. तीन वेळा संधी. मला अलीकडेच एका बिझेन तलवारीवर दोझेन मिळालं, त्या आजोबांनी पाठीवर थाप मारली आणि नंतर बिअरही पाजली. त्यांनी माझी सुकेसादाही बघितली. बराच वेळ बघितली. म्हणाले, "मी घासली नसती. पण बरं झालं, बघायला मिळाली."

असो. तोक्योत आलात तर र्योगोकुला तलवारींचं संग्रहालय आहे, २०१८ पासून तिथे जुन्या यासुदा बागेत हललंय. सुमोचं स्टेडियम जवळच, म्हणजे एका दिवसात दोन्ही होईल. तिथे उभ्या उभ्या बघू नका. गुडघ्यात वाका, मान तिरकी करा, दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर धरा आणि मग हळूहळू सरका. लोक बघतील, बघू देत. आणि विकत घ्यायचा मोह झालाच तर आधी वर्षभर नुसतं बघा. भारतात न्यायचा विचार असेल तर इथली निर्यातीची कागदपत्रं आणि तिकडचा शस्त्रपरवाना दोन्ही आधी नीट समजून घ्या. मी तरी अजून त्या भानगडीत पडलेलो नाही. माझी बदली झाली तर ती इथेच कुणाला तरी द्यायची असं ठरवलंय. नोंदणीचा कागद तिच्याबरोबर जाईल, ओशिगाताही देईन. खड्डा कुठे आहे आणि तो का ठेवलाय, हे मात्र समोर बसवून सांगणार.